हरलेल्याची पहिली झडती

प्रिय भाऊजी,

माझ्या पराभूत बंधूंनो!

माफ करा, सवयीनं आलं. तीस वर्षं माईकपुढं उभा राहिलेला माणूस कागदापुढं बसला तरी सुरुवात तशीच करतो. पण खोडत नाही. कारण हे पत्र तुम्हाला असलं तरी आज दिवेलागणीला मी ते पारावर मोठ्यानं वाचणार आहे, आणि ऐकायला बसणारे सगळे आमच्याकडचे असणार आहेत. हरलेले. त्यांची आणि माझी मिळून तुमच्याविरुद्ध एकच तक्रार आहे. तुम्ही जिंकलात, आणि चिडवायला थांबला नाहीत!

होय भाऊजी, जिंकलात. देशात तुमचा पक्ष आला, आमचा पडला. मतदानानंतर आठवडाभरातच तुम्ही झोपेत गेलात आणि निकाल त्यानंतर लागला. ही बातमी तुम्हाला कळवायची राहून गेली होती. ती कळवायची पाळी माझ्यावर, तुमच्या हरलेल्या साळ्यावर यावी, ही काय थट्टा?

तुम्हाला चितेवर ठेवलं तेव्हा तुमच्या डाव्या हाताच्या बोटावरची शाई तशीच होती. मी ते बोट पाहत राहिलो. माझ्याही बोटावर तीच शाई होती. माझी पुढं नख वाढलं तसतशी निघून गेली. तुमची तुम्ही सोबत घेऊन गेलात.

आठवतं, त्या दिवशी मतदानाला आपण एकाच गाडीवर गेलो होतो? दर वेळी जायचो तसेच. मागे बसून तुम्ही नेहमीचंच म्हणालात, "तुह्यं न् माह्यं मत कटाकट होते. कायले उन्हात जाचं? दोघंबी घरीच बसू न!"

"तुमी बसा. मी जातो."

"असं कसं? तू बेइमानी करशीन त?"

म्हणजे एकमेकांवर पहारा ठेवायला आपण दोघं प्रत्येक मतदानाला हजर! या देशात लोकशाही कशावर टिकली आहे यावर मी मोठमोठी पुस्तकं वाचली, भाषणं ठोकली. पण दोन माणसांच्या अविश्वासावर ती इतकी छान चालते, हे कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

निकालाच्या दिवशी आमच्या ओसरीवर सगळे जमले होते. मराठी चॅनलवर हरायला लागलो, म्हणून गणपतनं हिंदी लावलं. तिथंही तेच. मग कोणीतरी म्हणालं, तेलुगू लावा, ते खरं सांगतात. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा आहे भाऊजी. आम्ही एकाच दिवशी तीन भाषांत हरलो!

गणपत तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पक्षाचा आपल्या गावातला खांब. त्यानं टीव्हीची वायर उपटली आणि गुंडाळून खिशात घातली. टीव्ही माझा होता. वायर अजून त्याच्याकडेच आहे.

मग पंधरा-वीस दिवस आम्ही काय काय केलं ते ऐका. आधी यंत्राला दोष दिला. मग पैशाला. मग उन्हाला. मग एकमेकांना. गणपतनं तुमच्या दुकानातून सामान घेणं बंद केलं, कारण ते जिंकल्यायचं दुकान! चहापत्तीच्या पुड्यासाठी तो बसनं तामसीला गेला. येताना बस आली नाही. भर उन्हात पायी आला, तो थेट दुकानासमोरूनच. तुमच्या जागी आता माझी बहीण, अक्का, गल्ल्यावर बसली होती. तिनं आवाज दिला, "गणपत भाऊ, पाणी पेऊन जा! पाण्यात पक्ष नाई टाकला!"

तो प्यायला भाऊजी. दोन तांबे.

मीही काही वेगळा नव्हतो. बोलणंच सोडलं होतं. ज्याला गाव भोंगा म्हणतं, त्या मी! अक्का म्हणाली, "गावाले वाटून राह्यलं, लाईन गेली का काय." तुम्ही असतात तर निकालाच्या संध्याकाळीच पेढा घेऊन दारात उभे राहिला असतात. "काऊन रे भोंग्या, आवाज बसला? बॅटरी डाऊन?" म्हणाला असतात. मी चिडलो असतो, तावातावानं उत्तर दिलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागलो असतो. जिंकलेल्या दुसऱ्या कोणीच मला चिडवलं नाही हो. सगळे माझ्याशी समजुतीनं वागले. आजारी माणसाशी वागतात तसं! हरण्याचं दुःख मला नवं नाही, पण ही दया मला सोसवली नाही.

असे दिवस गेले आणि पोळा आला. उद्या पोळा आहे.

आपल्या गावच्या पोळ्यात झडती कोण आधी म्हणतो, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच. पण पारावर नवे जावई असतील, शाळेतले नवे गुरुजी असतील, म्हणून सांगतो. मारुतीसमोर तोरण बांधतात, त्याखाली गावातल्या सगळ्या बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात, डफडं थांबतं, आणि एकेक जण पुढं येऊन यमक जुळवून टोमणे मारतो. सरकारला, पुढाऱ्याला, सासऱ्याला, कोणालाही. त्याला झडती म्हणतात. राग मानायचा नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. मग तोरण तोडतात आणि जोड्या घरोघर ओवाळून घ्यायला निघतात.

फार वर्षांपूर्वी तुमचा पक्ष असाच सपाटून पडला होता. आम्ही पोरं गुलालानं माखून तुमच्या दुकानापुढं नाचलो होतो. तुम्ही शांतपणे जवारी मोजत होतात. पोळ्याला मात्र तोरणाखाली सगळ्यांच्या आधी पुढं आलात आणि हात वर केलात. "जिंकल्यायले दिल्ली भेटली. हरल्यायले कमीत कमी पयली झडती त भेटू द्या!"

गाव हसलं आणि वाट दिली. मग तुम्ही म्हणालात,

"वावरात पऱ्हाटी, पऱ्हाटीले बोंड,
मत मांगतानी गोड गोड तोंड;
निकाल लागला, पाठ फिरवली,
तामसीची बस कोनं हरवली?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळ्यात मोठ्यानं महादेव कोण म्हणालं होतं? मी! गुलाल कानात तसाच होता, आणि तुमच्या झडतीला मीच ओरडलो, कारण बस खरंच बंद झाली होती आणि जिंकलेल्या आम्हाला ते बोलायचं सुचलं नव्हतं. तेव्हापासून गावची रीतच पडली. हरलेल्याची झडती पहिली. जिंकलेल्यानं बैलाची दोरी धरून उभं राहायचं आणि ऐकून घ्यायचं.

आता यंदाचं ऐका आणि कपाळाला हात लावा. आमच्या लोकांनी ठरवलं, यंदा आपलं तोरण वेगळं. शाळेपुढं. गणपत म्हणाला, "त्यायच्या तोरणाखाली कायले उभं राहाचं? ते हासतीन. आपल्या तोरणाखाली आपलीच माणसं. भाऊ, तुमी तिथं बोला. टाळ्याच टाळ्या!"

आणि मी हो म्हणालो.

मला ते बरं वाटलं भाऊजी. आपलेच लोक, आपलीच झडती, आपल्याच टाळ्या. मनातल्या मनात पहिल्या ओळी जुळवायलाही लागलो होतो.

आज दुपारी तुमची जोडी धुऊन आणली. तुमच्यामागं तुमचं वावर आणि माझं वावर मी मिळूनच करतो आहे आणि दोन्हीकडं तीच जोडी चालते. तुम्ही ठेवलेली नावंही तशीच आहेत. एक "सरकार", कारण तो खायला आधी उठतो आणि कामाला शेवटी. दुसरा "विरोधी", कारण हंबरतो फार. तीन सरकारं बदलली, पण तुम्ही बैलांची नावं बदलली नाहीत. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाला होतात, "बैलाले समजते थे आपल्याले नाई समजत. जू एकच हाय."

खांदमळणीला अक्का हळद-तूप घेऊन गोठ्यात आली. वर्ष झालं नाही, यंदा सण करू नये, असं दोघी-तिघींनी तिला सुचवलं होतं. तिनं उडवून लावलं. "सण बैलायचा हाय. त्यायनं कोनतं सुतक धरलं?" मी विरोधीचा खांदा चोळत होतो, ती सरकारचा. मग रीतीप्रमाणं तिनं दोघांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि तसंच वाकलेली असताना मला विचारलं, "तू कोनत्या तोरणाखाली?"

मी विरोधीचा खांदा चोळत राहिलो. तिला सगळं ठाऊक होतं. दुकानात बसणाऱ्या बाईला गावातलं काय ठाऊक नसतं?

"असं कर," ती म्हणाली. "सरकार त आमच्या पक्षाचा. त्याले मी मारुतीपुढं धाडतो. विरोधी तुमचा, त्याले तू शाळेपुढं ने. एकेका बैलाचा पोळा कसा दिसते थे पाहू दे गावाले!"

भाऊजी, मी तीन जिल्ह्यांत भाषणं केली आहेत. समोरच्याला गप्प करायचे हजार मार्ग मला येतात. पण विरोधीच्या खांद्यावर माझा हात जागच्या जागी थांबला.

मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "दुकान मारुतीपुढंच हाय. दरसाली तोरण तुटलं का पयली जोडी माह्या दारात येते. यंदा मी आरती घेऊन बसू का नको, थे सांग. बसलो, अन् कोनी आलंच नाई त?"

तेवढंच. रडली नाही. पदरानं हळदीचा हात पुसला आणि दोन्ही बैलांपुढं सरकीची ढेप ठेवली. अर्थातच सरकारनं आधी तोंड घातलं.

मी म्हटलं, "अक्का, झडती ऐक." आणि मनातली म्हणून दाखवली.

"जवारीचं कणीस, कणसाले दाणे,
जिंकल्याच्या दारी डफड्याचे गाणे;
आमी हरलो तरी भोंगा नाई थांबला..."

पुढची ओळ जुळली नव्हती. मी अडकलो. आणि तिनं मान वर न करता म्हटलं,

"...कापसाचा बोळा आमी कानात कोंबला!"

हसून हसून मी गव्हाणीवर टेकलो. ते तुमचंच उत्तर होतं भाऊजी, तुमच्याच चालीत! इतकी वर्षं दुकानाच्या आतून ती तुमच्या झडत्या ऐकत होती असं आम्ही समजत होतो. आता वाटतं, त्यातल्या निम्म्या तरी तिच्याच असाव्यात. खरं सांगा, बसवाली कोणाची होती?

म्हणून हे पत्र. आता माझ्या पराभूत बंधूंनो, तुम्हीही ऐका. मी माझं मत बदललेलं नाही. कापसाच्या भावाबद्दल, आपल्या मराठी शाळेत न भरलेल्या मास्तरांच्या जागांबद्दल, न येणाऱ्या बसबद्दल मी निकालाच्या आदल्या दिवशी जे म्हणत होतो, तेच आज म्हणतो, आणि पुढच्या मतदानाला पुन्हा त्याच चिन्हावर बोट ठेवणार आहे. पण हे सगळं ऐकवायचं कोणाला? शाळेपुढं टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याच माणसांना? त्यांना ते पाठ आहे! झडती त्यांच्यापुढंच म्हणायची असते ज्यांना ती झोंबते. टोमणा मारायला समोर माणूस लागतो. तो समोरून गेला की काय होतं, ते उन्हाळ्यापासून मी भोगतो आहे. गावात अजून पुष्कळ जण शिल्लक आहेत. त्यांना आपण होऊन कशाला गमवायचं?

ते हसतील, असं गणपत म्हणतो. हसू द्या! त्यांनी हसावं म्हणूनच तर यमक जुळवायचं. हसताना माणसाचं तोंड उघडं असतं, आणि कानही.

भाऊजी, मला आता बरं वाटतं आहे. निवडणूक हरल्याचं शल्य आहेच, ते खांद्यावरच्या घट्ट्यासारखं राहील. पण गोठ्यात ढेपेचा वास सुटला आहे, दोघेही रवंथ करताहेत, आणि माझा आवाज परत आला आहे. लिहिता लिहिता मी मोठ्यानं वाचतोय, म्हणून अक्का आतून म्हणते आहे, "हळू वाच, म्हशीनं पान्हा चोरला."

तुम्हाला वचन देतो. उद्याची पहिली झडती मी म्हणेन आणि तुमच्या पक्षाची सालटी काढीन, काही शिल्लक ठेवणार नाही. फक्त शेवटची ओळ मोकळी सोडीन. ती दुकानाच्या पायरीवरून येईल, तुमच्या घरातून. आणि ज्या वर्षी आम्ही जिंकू, त्या वर्षी मी सरकारची दोरी धरून उभा राहीन आणि मुकाट्यानं ऐकून घेईन. मुकाट्यानं! माझ्यासाठी हे केवढं मोठं वचन आहे ते तुम्हीच जाणता.

आणि गणपत, तू आणि पारावर बसलेले तुम्ही सगळे. शाळेपुढचे तोरणाचे खांब आत्ताच उपटा. उद्या आपापली जोडी, पुरी जोडी, घेऊन मारुतीसमोरच्या तोरणाखाली या, आणि तोरण तुटलं की पहिल्यांदा अक्काच्या दारात चला. ती आरती घेऊन बसणार आहे. मी तिला तसं सांगून ठेवलंय.

आज आवतन घ्या, उद्या झडतीले या!

तुमचा हरलेला साळा,
भोंगा