फाटकापासून तिसरी रांग

४ जून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तुला पचतील तेवढे घे, उरलेले परत पाठवलेस तरी चालतील.

मागच्या आठवड्यात मी तुझ्या गावात होतो. स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरलो. तुझ्याकडे आलो नाही, कारण काम घेऊन आलो होतो आणि तुझ्या घरी काम होत नाही, भांडण होतं. फोनवरही तू मधेच रिसीव्हर आदळतेस, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच.

निवृत्त झाल्यापासून मी आपल्या घराण्याची वंशावळ जुळवतो आहे. पालिकेच्या दप्तरखान्यात धूळ खात बसून खापरपणजोबांपर्यंत पोचलो. कोण कधी जन्मला, कधी गेला, सगळं हाती आलं. मग प्रत्येकाची कबर ताडून पाहावी म्हणून जुना नकाशा आणि टेप घेऊन दफनभूमीत गेलो, आणि तिथे कपाळाला हात लावायची वेळ आली.

दफनभूमीचं फाटक पूर्वी पूर्वेला होतं. बाबा गेले त्याच वर्षी रस्ता रुंद केला तेव्हा ते बुजवून पश्चिमेला नवं काढलं. नोंदीत बाबांची जागा आहे फाटकापासून तिसरी रांग. जुन्या फाटकापासून! आपण इतकी वर्षं नव्या फाटकापासून तिसऱ्या रांगेत हात जोडत आलो. बाबा, आजोबा, पणजोबा तिकडच्या टोकाला काटेरी झुडपांत पडले आहेत, कुणी ढुंकून बघितलेलं नाही. आणि ज्याच्यापुढे मी मान खाली घालून उभा राहायचो तो कोण, तर एक घड्याळजी. दफनभूमी सुरू झाली त्याच वर्षी त्याला तिथे पुरलं. वारस कुणी नाही. या उपऱ्याच्या शेजारी आपली आई झोपली आहे.

मी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. एका बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेले तर साहेब मला साक्षीला बोलवायचे. तो मी स्वतःच्या बापाची कबर चुकलो, कारण तुमच्यावर विसंबलो. बाबा गेले तेव्हा मी डोंगरात मोजणीच्या तळावर होतो. पत्र उशिरा मिळालं, पावसाळाभर वाटा बंद. येऊन पाहतो तो सगळीकडे कमरेएवढं गवत. आईने जागा दाखवली, मी मानली. आई साधी बाई, फाटक बदललं तशी गोंधळली असेल. पण आई गेली तेव्हा मी ऑपरेशन होऊन खाटेवर होतो आणि सगळं तुझ्या हातात होतं. एकदा नोंद बघावी एवढंही तुला सुचलं नाही. तुझा बेफिकीरपणा मला नवा नाही, पण तो आईच्या कबरीपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

असो. आईला तिथून काढून बाबांशेजारी न्यायचं आहे. दोन्ही मुलांची संमती लागते. अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. अक्षर नीट काढ.

सही आली की लोभाचं बघू.

दादा

११ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. विनंती विशेष एवढीच, की पुढच्या वेळी या गावात येणार असशील तर आधी कळव, म्हणजे मी गावाबाहेर जाईन.

तू आलास ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. लॉजच्या मॅनेजरच्या पँटी मीच आखूड करते. तो सांगत होता की तुमचे बंधू टेप घेऊन हिंडतात, पाणी उकळून मागतात आणि ते कोमट झालं की पुन्हा उकळून मागतात. मी त्याला म्हटलं, हा माझा बंधू नसणार. माझा बंधू गावात आला तर निदान बहिणीच्या दुकानापुढून मान वळवून तरी जाईल.

तुझी वंशावळ तुला लखलाभ. मेलेल्या माणसांची तुला भारी ओढ, कारण ती उलट बोलत नाहीत आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागत नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुझी टेप कुठे होती? तू यायचास, खुर्चीच्या कडेवर बसायचास, घड्याळात बघायचास आणि गाडी चुकेल म्हणून निघायचास. मी दिवसभर मशीन चालवायची, मधे उठून तिला कूस बदलून द्यायची. आता तू मला बेफिकीर म्हणतोस. तुझ्या जिभेला काही हाड?

हो, चुकली रांग. मला डावं-उजवं कळत नाही असं धर. मी शिवणकाम करणारी बाई, मला काय नकाशे कळतात. पण आई जिथे आहे तिथे बरी आहे. अर्ज परत पाठवते आहे. सही केलेली नाही आणि करणार नाही.

आणि ठकी म्हणणं आता बंद कर. माझे केस पांढरे झाले.

आहे तेवढा लोभ जपून वापर, नवा मिळणार नाही.

बहीण

१७ जून

चि. ठकीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. शिव्याशाप वगळले तर त्यात एकच गोष्ट उरते, आणि ती मला खटकते. तू चूक कबूल करतेस, पण ती दुरुस्त करू देत नाहीस. मोजणीत असं कुणी वागलं की आम्ही ओळखायचो: खुंटा चुकून हललेला नाही, कुणीतरी हलवला आहे.

म्हणून मी तिथल्या राखणदाराला पत्र घालून विचारलं. तो लिहितो की तुमच्या आई दर आठवड्याला यायच्या, त्या कबरीशेजारी बसून उसवलेले कपडे शिवायच्या आणि कधीकधी स्वतःशी हसायच्या. हसायच्या! बाबांच्या हयातीत मी आईला घडीभर बसलेली पाहिली नाही, हसणं तर सोडच. आणि इथे एका परक्या पुरुषाच्या कबरीपाशी तिचं मन रमत होतं.

तेव्हा आता स्पष्ट विचारतो. कोण होता हा घड्याळजी? आईचा आणि त्याचा काय संबंध? चार लोकांत विचारून शोभा करण्याआधी तुला विचारतो आहे, हे माझे उपकार समज. घराण्याचं नाव मला राखायचं आहे. तुला त्याची पर्वा कधीच नव्हती.

उत्तर लगेच यावं.

दादा

२१ जून

दादा,

नमस्कार घालायचीही इच्छा नाही. तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

तो माणूस दफनभूमी सुरू झाली त्या वर्षी पुरला गेला, असं तूच लिहिलंस. दफनभूमी सुरू झाली तेव्हा आईच्या आईचंसुद्धा लग्न झालं नव्हतं. आईवर चिखल उडवण्याआधी मोजणी खात्याच्या साहेबाने वजाबाकी तरी करायची! तो घड्याळजी होता हेदेखील मला तुझ्या पत्रातून कळलं. आईला तर तेही माहीत नव्हतं. लाज वाटू दे जरा. ती असती तर तुझं हे पत्र वाचूनही म्हणाली असती की दमला असेल तो, आधी जेवायला वाढ त्याला.

ती तिथे का आहे ते मी सांगणार नाही. तुला सांगायचं नाही असा शब्द तिने माझ्याकडून घेतला आहे. ते तुझ्याच भल्यासाठी होतं. त्या भल्यावर पाय देऊ नकोस. गप्प बस.

सही मिळणार नाही.

बहीण

२९ जून

चि. ठकीस,

आशीर्वाद.

सही लागणारच नाही. पालिकेतल्या कारकुनाने मला मार्ग दाखवला. अलीकडच्या कबरीला सगळ्या मुलांची संमती लागते, जुन्या कबरीला मात्र थोरल्या मुलाचा अर्ज पुरतो. आईला हलवता येत नाही ना? मग बाबांना हलवतो. आईच्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे, ती मंजूर करून घेतली. १४ जुलैला सकाळी काम होईल.

दगडही सांगितला आहे, काळा, गुळगुळीत. दोघांची नावं एकाखाली एक आणि त्याखाली ओळ: आयुष्यभराची सोबत, पुढेही. ओळ माझी आहे. मला ती लिहिताना भरून आलं, तुला काय वाटेल ते वाटो.

तू काय लपवते आहेस ते आता मला जाणूनही घ्यायचं नाही. नवराबायको शेजारी असावीत, एवढं साधं आहे. तू ये किंवा येऊ नकोस. आलीस तर तमाशा करू नकोस.

या कामात लोभाची गरज पडली नाही, हे नमूद करतो.

दादा

२ जुलै

दादा,

तू मला शब्द मोडायला लावलास. आईला मी सांगेन की माझा इलाज नव्हता.

आई गोंधळली नव्हती. स्वतःच्या हाताने नवऱ्यावर माती लोटणारी बाई जागा विसरेल का? तू डोंगरातून आलास, रडत होतास, मला बाबांकडे ने म्हणून तिच्या मागे लागलास. मी चौदाची होते, बरोबर होते. आई नव्या फाटकातून आत शिरली, पलीकडच्या टोकाकडे दोन पावलं गेली आणि थांबली. मग ती तिसऱ्या रांगेत वळली आणि गवतात बुडालेल्या, अक्षर पुसलेल्या एका दगडापुढे तुला उभं केलं. परत येताना तू पुढे चालत होतास. ती मला हळूच म्हणाली की त्याला बापापुढे उभं राहायचं होतं, राहिला, त्याचं समाधान झालं. पुढे म्हणाली, पण मी काही त्या माणसापुढे पुन्हा उभी राहणार नाही. जिवंतपणी राहिले तेवढं पुष्कळ झालं. आणि दादाला कळू द्यायचं नाही, तो बाबांना फार मानतो, त्याचे बाबा त्याच्यापाशी राहू देत.

बाबा कसे होते ते मी तुला सांगायला हवं का? आईला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. तू तिला बहिरी झालीस, बहिरी झालीस म्हणून चिडवायचास. तुला वाटायचं वयाने. तो कान बाबांच्या हाताने गेला, तू तेव्हा शाळेत होतास. ती सगळ्यांना सांगत सुटली की नळाजवळ पाय घसरला. पुढे मनगट मोडलं तेव्हाही नळच. आपल्या घरातला नळ बदलायला कुणी आलं नाही ते बरं, नाहीतर त्यात काही दोष नाही हे बाहेर पडलं असतं.

आणि त्या माणसाला तू आणून निजवतोस कुठे, तर तिच्या त्याच कानाशी.

ती तिथे जाऊन शिवायची, हसायची, ते खरं आहे. ती म्हणायची की हा शेजारी चांगला आहे, कुठे होतीस म्हणून विचारत नाही. घडीभर निवांत बसायला तिला फार उशिरा शिकावं लागलं, ते ती तिथे शिकली. शेवटच्या आजारपणात तिने माझा हात धरून सांगितलं की मला याच्या शेजारी ठेव, इथे शांत आहे. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ती मी दिली. ती तू आता काढून घेणार.

तुझं घराणं, तुझी वंशावळ, तुझा काळा गुळगुळीत दगड, सगळं घाल चुलीत. त्या सकाळी मी तिथे येणार आहे आणि त्या रिकाम्या जागेत आडवी होणार आहे. मग बघू खणणारे काय करतात. तमाशा नको होता ना तुला?

मी

१० जुलै

चि. स,

तू म्हणतेस म्हणून नाव घालत नाही.

अर्ज मागे घेतला आहे. दगडवाल्याने बाबांच्या नावाची दोन अक्षरं कोरली होती, त्याला काम थांबवायला सांगितलं. त्याने बडबड केली, ती मी ऐकून घेतली. आई आहे तिथे राहील.

याचा अर्थ तुझं सगळं मला पटलं असा मुळीच करून घेऊ नकोस. बायकांना तिखटमीठ लावायची सवय असते. बाबा तापट होते, मी कुठे नाही म्हणतो? पण ते मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे, तेही खरं आहे आणि ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. कानाचं मला माहीत नव्हतं. बाकीचंही माहीत असण्याचं कारण नाही. खोल्यांमधे भिंत होती आणि माझी झोप लहानपणापासून गाढ. मला कधी काही ऐकू आलं नाही.

वंशावळ पूर्ण झाली आहे. प्रत पाठवत नाही, तू ती चुलीत घालशील.

फक्त एक विचारायचं आहे. पलीकडच्या खोलीत मी जागा आहे आणि ऐकतो आहे, असं आईला कधी वाटलं होतं का? ती तसं तुझ्याजवळ काही बोलली होती का? हो किंवा नाही, एवढंच लिही. दुसरा मजकूर नको.

दादा

१५ जुलै

ती. दादास,

नमस्कार.

नाही. आईला तसं कधी वाटलं नाही. ती शेवटपर्यंत मोठ्या अभिमानाने सांगायची की मी तोंडात टॉवेलाचा बोळा धरला, पण पोरांची झोप मोडू दिली नाही. तुझं तर तिला फार कौतुक. म्हणायची, दादा असा झोपायचा की सकाळी गदागदा हलवल्याशिवाय उठायचा नाही. मी नुसतं हं म्हणायचे.

आपली अंथरुणं एकमेकांना लागून होती. तुझे डोळे टक्क उघडे असायचे. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ठकी