दोन्ही बाह्या डाव्या

मी, या दुकानाचा म्हातारा शिंपी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र सांगत आहे. वकीलबाई उतरवून घेत आहेत, कारण माझं लिहिलेलं आता मलाच वाचता येत नाही. हेसुद्धा लिहा बाई, गाळू नका.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. शिल्लक बघून तो वाद घालणार नाही.

खिडकीजवळची खुर्ची थोरल्या भावाला. नजर कमी होताच त्याने आपणहून कात्री ठेवली आणि तो दुकानातून बाहेर पडला. मी त्याला चारचौघांत पळपुटा म्हणालो. "तुझी वेळ आली की कळेल," एवढंच तो बोलला. वेळ आली, कळलीही. पण मी बूड हलवलं नाही. त्याची मी माफी मागतो.

आता कात्री. आमच्याकडे कापणार फक्त मी, शिवणार सून. हेडमास्तरांच्या कोटाच्या बाह्या कापताना मी कापड दुमडलं नाही, एकाच बाजूने दोनदा कापलं. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. असली चूक नवशिके करतात. हेडमास्तरांसमोर मी सुनेवरच ओरडलो, "दुसऱ्या कोणाची बाही मिसळलीस यात? लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा." चूक माझी आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. 

पुढे एका दुपारी झोप लागेना म्हणून उठलो. पडद्याआडून पाहिलं तर सून माझं बिघडलेलं काम नव्या कापडातून पुन्हा कापत होती आणि मुलगा दाराशी राखण करत होता. "हळू गं, बाबा उठतील." मला कळू नये म्हणून माझ्या कात्रीला हात न लावता ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने जाड कापड कापत होती. तिच्या बोटांवरचे फोड मी पाहिले होते. इस्त्रीने भाजलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी परत जाऊन झोपेचं सोंग घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापायला बसलो. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

कात्री, कापायचं टेबल आणि दुकान सुनेला, आजपासून. वकीलबाई म्हणतात, "आजोबा, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं." मग बक्षीसपत्र करा, मी थांबतो. कात्री सुनेच्या हातात दिली आहे. ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा, अजून थोडे दिवस." ऐकून फार बरं वाटलं. म्हणूनच नको म्हणालो.

साक्षीदार: हेडमास्तर (चूक कोणाची होती ते ऐकायला मुद्दाम बोलावले; तोच कोट घालून आले आहेत) आणि शेजारचे घड्याळजी.

स्थळ: दुकान. दिनांक: आजचाच.

सही: रेघ मला दिसत नाही. सुनेने बोट ठेवून दाखवली, तिथे केली आहे.