तांबडा शालू

मधलीवाडी, ता. चिपळूण
२ एप्रिल २०२५

ती. दादा,

देवापुढे दिवा लावून लिहायला बसलो आहे. आईचा तुला आणि वहिनींना आशीर्वाद, आम्हा तिघांचा नमस्कार.

तू पाठवलेला टीव्ही दीपकच्या टेम्पोतून सुखरूप पोचला. खोक्याची चिकटपट्टी कुणीतरी काढून पुन्हा लावलेली दिसली, पण आतलं सगळं जागेवर आहे. चिपळूणच्या दुकानातला माणूस येऊन माजघरातल्या भिंतीवर लावून गेला. एवढा मोठा आहे की बाबांचा फोटो एक हात डावीकडे सरकवावा लागला.

हे फोनवर कळवता आलं असतं. पण तुझा फोन विमलाच्या मोबाइलवर येतो, तू आईशी बोलतोस आणि मी तेवढ्यात अंगणात जातो. इतकी वर्षं हे असंच चाललंय. म्हणून पत्र.

आई जानेवारीत पडवीत घसरली ते तुला माहीत आहेच. कंबरेचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जाते. तिच्यासाठी मी वाघजाईला शालू बोललो होतो, तांबडा, जरीच्या काठाचा. शिमग्याला तो पालखीत देवीला नेसवला. पण पालखी बसते त्या सहाणेवर आईला जाता आलं नाही. पालखी आपल्या दारात आली तेव्हाही गर्दीत तिला नुसतं छत्र दिसलं. बावन्न शिमग्यांत पहिल्यांदा तिचं दर्शन चुकलं. शेजारच्या नितेशने पालखीचं मोबाइलवर चित्रण केलंय, ते टीव्हीवर लावून तिला दाखवायचं असं ठरलं आहे.

टीव्ही पाठवायची तशी गरज नव्हती. पाठवलास, आईला आनंद झाला.

पाऊस नाही, पण मळभ येतंय. कोकमाला रातांबे धरलेत.

काशीराम


मधलीवाडी
१३ एप्रिल २०२५

ती. दादा,

मागचं पत्र कोरडं झालं. विमलाने टपालात टाकण्याआधी वाचलं आणि म्हणाली, "हे पत्र हाय का ग्रामपंचायतीची नोटीस?" म्हणून हे दुसरं.

इकडे आठ दिवस लढाई चालू आहे. नितेशने चित्रण पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं. आईला उशी देऊन बसवली, तिने पदर डोक्यावर घेतला, पालखी दिसताच हात जोडले. मग हात तसेच ठेवून म्हणाली, "काश्या, शालू तांबडा आणलास ना?"

"तांबडाच."

"मंग ह्यो हिरवा कशान दिसतोय?"

मी म्हटलं, टीव्ही नवा आहे, रंग बसवावे लागतील. दुकानातल्या माणसाने तो दुकानात लावतात तसा भडक ठेवला होता. मग रिमोट हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. यात काय काय आहे म्हणून सांगू! ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट, वरून व्हिव्हिड, स्टँडर्ड, मूव्ही असे वेगवेगळे मोड. प्रत्येक आकडा मी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवतो आणि आईला विचारतो, "आता?" आई म्हणते, "नाय." पुन्हा एक घर पुढे. "आता?" "नाय रं."

परवा टिंट पार टोकाला नेला. आई उठूनच बसली. "आला! आला तांबडा!" मी मनात देवीला हात जोडले. तेवढ्यात आई पुढे बोलली, "पन ही मानसं हायत का कैऱ्या?"

नितेश नेमका दारात होता. पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, आख्ख्या वाडीला कावीळ झाली काय? माझा तर पुढच्या महिन्यात साखरपुडा हाय!" विमला हसता हसता चुलीपाशी बसली. मीही हसलो.

संस्कृतीचं एक वेगळंच. बारावीची परीक्षा देऊन मोकळी आहे, सगळं बारकाईने बघते. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रत्येक वेळी आजीलाच का विचारता? तुम्ही स्वतः बघा ना." मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. "नंबराचा आणि रंगाचा काय संबंध?" मी तिला पाणी आणायला पाठवलं.

आईला दर्शन नीट व्हावं एवढंच आहे. ती म्हणते, "बोललेला शालू डोळ्यांनी बगितला की नवस फिटला." तोवर ती धड जेवतही नाही. मी काही हरणारा नाही.

शालू मी स्वतः बाजारात जाऊन घेतला. दुकानदाराने दहा-बारा पुढे टाकले, मी हात फिरवून सगळ्यात मऊ पोत होता तो उचलला. तांबडाच मागितला होता.

दादा, एक विचारायचं होतं. पण राहू दे.

काशीराम


मधलीवाडी
२७ एप्रिल २०२५

दादा,

जिंकलो! आईने पोटभर जेवून पान खाल्लं, आणि मी आज सकाळपासून तीन वेळा विनाकारण रातांब्याखाली जाऊन उभा राहिलो. पण नीट क्रमाने सांगतो.

मागच्या रविवारी संस्कृतीने माझ्या हातून रिमोट काढून घेतला आणि मी दोन आठवडे मांडलेलं सगळं एका बटणात पुसून टाकलं. टीव्ही कंपनीतून निघाला होता तसा झाला. मग अंगणातून एक जास्वंद, एक तुळशीची फांदी, विमलाचा कुंकवाचा करंडा आणि एक हळकुंड ताटात मांडलं, मोबाइलवर फोटो काढला आणि तो टीव्हीवर लावला. ताट टीव्हीखाली धरून म्हणाली, "आजी, आता खालचं बघ आणि वरचं बघ. काही चुकतंय?"

आईने बराच वेळ पाहिलं. "नाय. हुबेहूब हाय."

"म्हणजे टीव्ही बरोबर आहे," संस्कृती म्हणाली. मग पालखी लावली, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "बाबा, शालू हिरवा आहे."

विमला दारातून म्हणाली, "हिरवाच तर होता. मी सहाणेवर बगितला की. मला वाटलं, तुम्ही देवीला हिरवाच बोलला असाल."

दादा, तुला कळलं असेलच. तुझ्याइतकं लवकर कुणालाच कळलं नसतं.

मी उभा होतो तो खाली बसलो. समोर वाघजाई, बाजूला बाबांचा फोटो. देवीपुढे खोटं बोलायचं नाही असं बाबांनी शिकवलं, आणि मी तिला नेसवलेल्या कापडाचा रंगच खोटा सांगत होतो. मी आईला म्हटलं, "आई, मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून."

मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. रेल्वेची नोकरी, तू साहेबांच्या किती पाया पडलास, आणि ती डॉक्टरी तपासणी. ते ठिपक्यांचं पुस्तक. बाकीची पोरं बारा, एकोणतीस असं भराभर वाचत होती आणि मला नुसते ठिपके दिसत होते. डॉक्टरांनी तुला आत बोलावून सांगितलं. बाहेर चहाच्या टपरीवर तू म्हणालास, "रडू नकोस. कुणाला कळता कामा नये, तुझं लग्न व्हायचंय. घरी काहीतरी सांग, मी सांभाळून घेईन."

मी घरी काहीतरी सांगितलं. दादाने ऐनवेळी हात वर केले, असं सांगितलं.

हे वाक्य मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून जरा अंगणात जाऊन आलो.

त्या शिमग्याला पालखी आपल्या दारात होती. तू खांदा द्यायला पुढे झालास, आणि बाबा सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "सख्ख्या भावाला बाहेर ठेवलंस. तू हात लावू नकोस." तू हात मागे घेतलेस. माझ्याकडे बघितलंस. मी पायाखालच्या चिऱ्याकडे बघत राहिलो. तू तेव्हा एक शब्द बोलला असतास तर खांदा तुझा होता. तू बोलला नाहीस, आणि त्यानंतर शिमग्याला आला नाहीस. बाबा गेले तेव्हा तेराव्याला आलास, मांडवाच्या कडेला उभा राहून पंगत उठायच्या आत निघालास. मी तेव्हाही अंगणातच होतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. विमलाही ऐकत होती, जिच्यासाठी म्हणून हे लपवायचं होतं. ती म्हणाली, "म्हणून मला लग्नात चिंचोक्याच्या रंगाचं पातळ आणलंत होय? आणि सासूबाईंना सांगितलंत लाल!" डोळ्यांत पाणी होतं आणि बोलणं असं. "मी तुम्हाला रंग बघून केलं नव्हतं."

आणि आई काय म्हणाली ऐक. "माझा थोरला भाऊस असाच व्हता. हिरव्या मिरच्यांत तांबड्या मिसळायचा, पिकला रातांबा त्याला झाडावर दिसायचा नाय. आमी त्याला हसायचो, तो बी हसायचा. ह्यात लपवायचं काय व्हतं रं बाबा?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण म्हणाली तुझंच. "माझा रघू फुकट बाहेर राह्यला." एवढंच. मला तिने रागे भरायला हवं होतं.

शालूचं विचारलं, तेव्हा म्हणाली, "देवीनं नेसला ना? मंग तिला हिरवा चालला. आता बगूदे मला." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, सहाणेपासून आपल्या दारापर्यंत, तिने पालखी पाहिली. हात जोडून. कुणी कैरी नव्हतं. दादा, टीव्ही पहिल्या दिवसापासून खरंच दाखवत होता, मी त्याला माझ्यासारखं करू पाहत होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. संस्कृती म्हणाली, "बाबा, असं न दिसणाऱ्यांसाठी पण काहीतरी सेटिंग असतं, मी वाचलंय." म्हणून तिने खोक्यातून टीव्हीचं पुस्तक काढलं. शोधावं लागलंच नाही. चौतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. नीट, नखाने घडी घातलेला, तू शाळेच्या पुस्तकात घालायचास तसा. त्या पानावर तेच होतं, तांबडं-हिरवं वेगळं न दिसणाऱ्यांसाठी रंग बदलून दाखवायची सोय.

मला खोक्याची काढून लावलेली चिकटपट्टी आठवली. मी त्यावरून पहिल्या पत्रात तुला टोमणा मारला होता.

आईसाठी म्हणून पाठवलास, दादा. आणि कोपरा माझ्यासाठी दुमडलास. मी विचारलं नाही तर सांगायचं नाही हेही ठरवलं असशील.

संस्कृतीने ते सेटिंग चालू केलं आणि नितेशकडून मागवलेला आपल्या परसातल्या रातांब्याचा फोटो लावला. मी ते झाड रोज बघतो. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्यासाठी ते एकाच रंगाचं झाड आहे. पिकलेलं फळ मी बोटांनी ओळखतो, दाबून, देठाशी फिरवून. लोक म्हणतात, काशीरामाचा हात सोन्याचा, न बघता पिकलं तेच काढतो. न बघता हेच खरं होतं.

फोटो आला. पानं मागे सरली, आणि पानांतून फळं पुढे आली. एक, मग त्याच्या बाजूला दुसरं, मग वर शेंड्यापर्यंत, दादा, झाडभर! मी ओरडलोच. "हे बघ! हे एक! तिथे वर एक!" लहान पोरासारखा बोट दाखवत सुटलो. आई हसायला लागली, विमला पदराने डोळे पुसत होती, आणि संस्कृती माझ्याकडे असं बघत होती जसं मी तिच्या पहिल्या पावलाकडे बघितलं होतं. संस्कृती म्हणते, हे आम्हाला दिसतं तसं तांबडं नाही, फक्त वेगळं करून दाखवलेलं आहे. असू दे. वेगळं दिसलं एवढं मला पुरे. वाघजाईला मी शालू दिला आणि तिने हे दिलं, वरून माझं तोंडही उघडलं.

आता आपल्या टीव्हीला दोन मांडण्या आहेत. एक घरातल्या सगळ्यांची, ती कंपनीने दिली तीच. दुसरी माझी. संस्कृतीने तिला नाव दिलंय, 'बाबा'. रिमोटवर दोन बटणं दाबली की बदलते. आई मालिका बघताना मध्येच म्हणते, "लाव रं तुझं, तुला बी बगूदे."

काल मी नितेशच्या वडिलांकडे, काशिदकाकांकडे गेलो. पालखीचे मानकरी आता तेच. त्यांना आणि तिथे बसलेल्या चौघांना सगळं सांगितलं, बाबा ज्यांच्यासमोर बोलले त्याच लोकांत. काकांनी विडी न पेटवताच खाली ठेवली. मग म्हणाले, "रघूला सांग, पुढल्या शिमग्याला आपल्या दारात पयला खांदा त्याचा." एवढं सांगून थांबले नाहीत, लगेच पोराला हाक मारून तुझा नंबर लिहून घेतला.

पण शिमगा लांब आहे आणि रातांबे मे महिन्यात संपतात. आई रोज विचारते. तू आणि वहिनी या. यंदा फळं तू खालून दाखव, मी काढतो.

पुस्तकातलं ते पान अजून दुमडलेलंच आहे. संस्कृती सरळ करायला निघाली होती, मी करू दिलं नाही. तू येशील तेव्हा तूच उलगड.

फोन केलास तर या वेळी मी उचलेन. अंगणात जाणार नाही.

ज्याच्यासाठी तू सव्वीस वर्षं गप्प राहिलास, तो
तुझा धाकटा भाऊ,
काशीराम