सहा इस्पिकला दहा मार्क

३ तारीख, सकाळी सहा
क्लबच्या ब्रिज बोली-स्पर्धेचा परीक्षक म्हणून सेक्रेटरींनी माझं नाव घातलं. या स्पर्धेत पत्ते खेळायचे नसतात. जोडीने आपापले तेरा पत्ते बघून फक्त बोली लावायची, म्हणजे किती हात करणार ते ठरवायचं. कुठल्या बोलीला किती मार्क, हे परीक्षक आधीच लिहून पाकिटात बंद करतो. माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची, तेव्हा निवड योग्यच आहे. देवापुढे बसून मागितलं, माझ्या हातून पक्षपात होऊ नये.

५ तारीख
आठ डाव हवेत. सात झाले. आठवा आपोआप आठवला, नऊ वर्षांपूर्वीच्या फायनलचा. मी सहा बदाम बोललो होतो, म्हणजे बोलीत सहा मिळवून तेरापैकी बारा हात. झाले अकरा. कप गेला. पार्टनर होता माझा मेहुणा, औषधाच्या दुकानाचा मालक. तेव्हापासून तो घरी येतो, जेवतो, माझं ब्लडप्रेशर बघतो, पण पत्त्यांना माझ्यासमोर बसत नाही. दाजी, आज तुमची पाठ दुखत असेल, असं माझ्या वतीने कारणही तोच देतो.
डाव शिकण्यासारखा आहे. मनात काही नाही.
मार्क: चार बदामला दहा, सहा बदामला तीन. चुकलो तेव्हा चुकलो.

६ तारीख
मेहुणाही स्पर्धेत आहे. त्याने डाव ओळखू नये म्हणून बदामच्या जागी इस्पिक केलं आणि इस्पिकच्या जागी बदाम. आता मलाच ओळखू येईना.
सहा इस्पिकला पाच. तिनात थोडा आकस दिसत होता.

८ तारीख, संध्याकाळ
अंदाजाने मार्क द्यायचे नाहीत. जोडीचे सव्वीस पत्ते तेच ठेवायचे, उरलेले पिसून शंभर वेळा वाटायचे आणि बारा हात कितीदा होतात ते मोजायचं. पलंगावर बसलो. वीस वेळा वाटले. चारदा झाले. इस्पिकचा राजा उजवीकडच्या विरोधकाकडे हवा, शिवाय बाहेरची सहा चौकट दोघा विरोधकांत तीन-तीन वाटली जायला हवी. पत्ते हट्टाने तसे पडत नाहीत. पिसण्यात दोष असावा. पलंगही मऊ आहे. बायको म्हणाली, अहो, चादर बदलायची आहे, उठता का. प्रयोग अपूर्ण, म्हणून रद्द.
सहा इस्पिकला सात. धाडसालाही किंमत असते.

११ तारीख
बाजारात तपासणी. एका भाजीवाल्याच्या काट्याखाली चुंबक निघालं. साहेब, आईशप्पथ, मला माहीतच नव्हतं, म्हणाला. त्याचं बोलणं त्याला स्वतःला पटलेलं दिसत होतं. काटा जप्त केला. माणूस स्वतःला किती फसवतो, यावर घरी येईपर्यंत विचार केला.
सहा इस्पिकला दहा, चार इस्पिकला चार. पाकीट बंद. मन हलकं झालं.

१२ तारीख, सकाळी
पाकीट उघडलं. चार इस्पिकला दोन. पुन्हा बंद केलं. डिंक संपला.

१४ तारीख
स्पर्धा झाली. नऊ जोड्या. आठव्या डावाला आठ जोड्या चार इस्पिकवर थांबल्या. पाकीट फोडलं. मग सेक्रेटरींनी हळूच विचारलं, चाराला दोन, हे लिहिण्यात चुकलंय का. मी म्हणालो, नाही, तोलून दिलेत. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, हाच का तो सरकारी काटा, मग उद्यापासून मी भाजी हातावरच तोलेन.
नववी जोडी मेहुणा आणि डेंटिस्टबाई. सातव्या डावापर्यंत चौथे होते. मेहुणा थेट सहा इस्पिक बोलला. दहा मार्क, पहिला नंबर. नऊ वर्षांनी त्याला पटलं. डोळे भरून आले, चष्मा पुसत राहिलो.
संकल्प: पुन्हा जोडीने खेळू या, असं त्याला आपणच विचारायचं. मोठेपणा आपल्याकडे असावा.

१५ तारीख, दुपार
मेहुणा कप घेऊन घरी आला. मी म्हणालो, शेवटी सहाच बोललास ना. तो म्हणाला, दाजी, पत्ते उचलले तेव्हाच कळलं, हा तुमचा जुना डाव, कपडे बदलून आलाय. मग पत्ते कशाला बघतोय, तुम्हाला बघून बोललो. खरोखर खेळायचं असतं तर काय बोलला असतास, विचारलं. चार, म्हणाला. बायकोही आतून चारच म्हणाली. तिला ब्रिज येत नाही, पण नऊ वर्षं ऐकते आहे.
तरी विचारलं, गुरुवारी बसशील का माझ्यासमोर. त्याने कप खाली ठेवला. मग हो म्हणाला. अट एक: शेवटची बोली त्याची, म्हणजे डावही तोच खेळणार. मी पत्ते उघडे मांडून गप्प बसायचं. कबूल केलं.
तो गेल्यावर राहिलेले ऐंशी डाव वाटायला पलंगावर बसलो. बायको चादरीचं काही बोलली नाही. दहा वाटून झाले. बारा हात एकदाच.
पलंग तोच, पिसणंही तेच. लिहून ठेवलं.