पालींची थंडी

ती. दाजी,

हमरापूरहून तुमच्या मेहुण्याचा, मोरूचा, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताई बरी असेलच. इकडे कारखान्यात गणपतीच्या मूर्ती सुकतायत, आई खमकी आहे, आणि माझ्या दोन्ही ठिपकेवाल्या पाळीव पालीही (रीतसर नोंदणीच्या, भिंतीवरून धरलेल्या नव्हेत) मजेत आहेत.

हे डिसेंबरात लिहवलं नसतं. या जोडीला पिल्लं व्हायला हवी असतील तर आधी दोन महिने थंडीत ठेवावं लागतं. पंधरा दिवस उपास, पोट रिकामं, मग हळूहळू सोळा-सतरा अंशांवर उतरवायचं. पेण तालुक्यात सोळा अंश आणायचे कुठून? (आपण स्वेटर घालतो तो हौसेनं.) घरचा फ्रीज फार गार, म्हणून आधी पालींचा डबा माठाशेजारी ठेवला. आईनं पाहिला. "मोरू, पान्याशी पाल? मी हितलं पानी पिनार नाय!" आणि खरंच दोन दिवस शेजारच्या बायजाबाईकडे जाऊन पाणी प्यायली. शेवटी वडखळच्या एका बंद पडलेल्या दुकानातून थंड पेयांचा जुना फ्रीज आणला आणि त्याला तापमान धरून ठेवणारं बटण बसवून घेतलं. यावर आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही (ती शांतता बरी होती).

जानेवारीत एका सकाळी मादी हलेना. बटण बिघडून फ्रीज दहावर गेलेला. हात लावला तर गारढोण. आपल्या हट्टापायी मुकं जनावर मारलं, म्हणून मी ओटीवर बसून राहिलो. दाजी, खरंच रडू आलं. आई तिला पुरायला निघाली. फडकं सापडेना, म्हणून तळहातावरच घेतली, जन्मात पहिल्यांदा. अर्ध्या अंगणातून ओरडली, "अरं, जित्ती हाय ही! डोला चाटतेय बघ!"

त्या दिवसापासून फ्रीज आईच्या ताब्यात. दर दोन तासांनी अंश बघायची, पाणी बदलायची. फेब्रुवारीत हळूहळू ऊब दिली, रातकिडे चारले, जोडी एकत्र केली, आणि परवा ओल्या वाळूत दोन अंडी! आईनं चार घरी साखर वाटली. काय झालं ते कळल्यावर दोन घरांनी परत केली.

ताईला नमस्कार.

तुमचा,
मोरू

ता.क. कारखान्यात आता फवाऱ्यानं रंग मारणं सुरू होतंय. त्या वासात अंडी ठेवायची नाहीत, असा आईचा हुकूम आहे. दीड-दोन महिने तुमच्याकडे रोह्याला ठेवता येतील का? अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण आहे, ती वरच राहू द्यावी (अंडं उलटलं तर आतलं पिल्लू मरतं). पाल दिसली की ताई पलंगावर चढते हे ठाऊक आहे, म्हणूनच आधी विचारतोय.

आणखी एक ता.क. आई उत्तराला थांबायला तयार नाही. हे पत्र तिच्याच हाती देतोय, म्हणजे तुम्ही वाचताय तेव्हा अंड्यांचा डबा आत ताईच्या कपाटावर बसलेला असेल. डब्याबरोबर आईही राहणार आहे. पिल्लं मोठी होईपर्यंत.