माठातला वाळा

लोणखेडा, मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळ

खाणीच्या टाकाऊ मातीतलं शिसं वाळ्याची मुळं ओढून घेतात का, हे बघायला कॉलेजच्या मागे त्या मातीत शेणखत मिसळून वाळा लावला होता. आज तो उपटला, मुळं धुतली आणि ऊन चांगलं म्हणून घरच्या गच्चीवर वाळत टाकून परत कॉलेजला गेले. घरी कशाला आणली?

आले तर लेकीनं, चिनूनं, पाण्याचा ग्लास पुढे केला. वाळ्याचा वास. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "गच्चीवरना वाळा मी माठमा टाका. पाणी कितलं गोड लागस." उन्हाळ्यात सगळेच टाकतात, त्यांचं काय चुकलं? चिनू दुपारपासून तेच पाणी पितेय. माठ ओतून दिला. डॉक्टर म्हणाले, उद्या सगळ्यांचं रक्त तपासू, आधी मुलीचं.

ग्लास परत परत घासला, तरी वास जात नाही. की माझ्याच नाकात बसलाय?

सकाळी देवाला म्हणत होते, मुळांनी भरपूर शिसं ओढलेलं असू दे. आता म्हणतेय, माझा प्रयोग पुरता फसलेला असू दे.