रबरी मॅट

अहो,

खाली तुमची लाडकी स्पोर्ट्स कार दिसली नाही म्हणून बिल्डिंग डोक्यावर घेऊ नका. गुणाजी मेकॅनिकने ती दोर बांधून कल्याणला गॅरेजवर नेलीय, मीही तिथेच आहे. रंगासाठी ठेवलेल्या पैशांत तो पुढच्या चाकांना भंगारातल्या मारुतीचे डिस्क ब्रेक बसवतोय. मागचे जुनेच राहतील, तेवढ्या पैशांत तेवढंच बसतं. रंग उडालेल्या गाडीतही मी तुमच्या शेजारी मिरवेन.

आमटी गरम करून जेवून घ्या.

आणि ब्रेक ठीक आहेत, हे आता मला सांगू नका. टेबलावर ठेवलेली मॅट माझ्या सीटपुढची आहे. उजव्या पायाखाली भोक पडलंय, बघा. सात वर्षं प्रत्येक उताराला तुमच्याबरोबर मीही ब्रेक दाबतेय.

शीला